अधिक-उणे

वाळूजला, के सेक्टरच्या शेवटच्या गल्लीत
बाहेर बेचाळीस.
आत वीस.
मध्ये दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
त्या चौकोनात चपला काढायच्या, बांगड्या काढायच्या,
घाम पुसायचा, आणि उगाच उभं राहायचं थोडं.
माझ्या अंगाचं ऊनसुद्धा
इथे हिशोबात धरलेलं आहे.

तुकडा कालपासून ग्रॅनाइटवर निजलाय.
बेअरिंगचं पोलादी घर, ऐंशीचं भोक.
अंशामागे जवळजवळ एक मायक्रॉन फुगतो तो,
म्हणून त्याला घाई करायची नाही,
हातमोजे घालूनही उगाच हात लावायचा नाही.

माणकाचा मणी, ज्वारीच्या दाण्याहून बारीक,
टेकतो, मागे सरतो,
पंचवीस ठिकाणी टेकतो.
मग यंत्र पंचवीस ठिपक्यांतून एक वर्तुळ काढतं,
अगदी गोल,
जे त्या भोकात कुठेच नसतं.

८०.००९४
पुन्हा. ८०.००९१
पुन्हा. ८०.००९७
तुकडा तोच, खोली तीच, मी तीच.

पहिल्या वर्षी वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.
कुलथे सर म्हणाले, चूक वेगळी.
चूक सापडली की वजा करता येते.
ही वजा होत नाही. हिला नावानं मांडायचं:
यंत्राची एवढी,
ज्या गोळ्यावर यंत्र पारखलं त्या गोळ्याची एवढी,
तापमापकाची,
प्रसरणाच्या आकड्याची, जो पुस्तकातून घेतला
आणि आपल्यापैकी कुणीच तपासला नाही.
सगळ्यांचे वर्ग, वर्गांची बेरीज, बेरजेचं मूळ.
तिनाची आणि चाराची मिळून
पाच होते, सात नाही.
हे ऐकून त्या दिवशी मला का कोण जाणे
फार बरं वाटलं होतं.

फोन. गिरवलकर, डिस्पॅचमधून.
"मॅडम, ट्रक हुबाय. दहाच्या आत हाय ना?"
नऊ पॉइंट चार.
"मग झालं की!"
अधिक-उणे एक पॉइंट आठ.
"आकडा एकच लिहा ओ. कामून शेपूट जोडायलात?"

दहाची रेघ सहा दशांश पलीकडे.
शेपूट त्या रेघेवरून पलीकडे जाऊन पडलेलं.
पास लिहू तर खोटं,
नापास लिहू तर तेही खोटंच.
"अजून एकदा मोजून बगा की."
मोजते. पण शंभरदा मोजलं तरी
आपल्या खोलीचं वीस काही पुरतं वीस नसतं, गिरवलकर,
आणि गोळ्याचा कागदही
स्वतःच्या अधिक-उण्यासकटच आलाय.
पलीकडे ट्रकचं इंजिन ऐकू येत राहिलं.

मी निर्णयाच्या रकान्यात लिहिलं:
या मोजणीवरून सांगता येत नाही.
सही केली. सही मात्र
सरळ आली, एका दमात.

माझे अण्णा सेलूच्या बाजारात बांगड्या भरायचे.
टेप नाही, कडं नाही.
बाईचा हात हातात घेऊन
अंगठ्याखालचं हाड एकदा दाबायचे
आणि मान दुसरीकडे वळवून म्हणायचे,
"सव्वादोन बसंल. एखादी फुटंल."
डझनाच्या पैशात तेरावी बांधून द्यायचे,
फुटायच्या वाटची.

रात्री त्यांना फोनवर विचारलं,
अण्णा, तुमचं माप किती चुकायचं?
बराच वेळ टीव्हीचाच आवाज आला.
"चुकायचं न्हाई," म्हणाले.
"वैशाखात हात फुगतो बाई.
तवा येक माप वर धरायचं."
मग विचारलं, "जेवलीस का?"

मी दोन्ही दारांच्या मधल्या खोलीतच होते अजून.
बांगड्या चढत नव्हत्या.